गुंजनपक्ष्यांचे पेयपात्र : अन्य पक्ष्यांचा वावर

उत्तर अमेरिकेत हमिंगबर्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या गुंजनपक्ष्यांसाठी घरोघरी परसात अथवा सज्जात साखरपाण्याची जी बाटली टांगतात, तिच्यावर सुतार, फिंच, वटवट्यांसारखे वॉर्बलर आणि तेथील पिवळे-नारिंगी ओरिओल यांनी येऊन पेयपान करण्याचा हा प्रकार आहे. गुंजनपक्ष्यांच्या सुमारे 360 जाती केवळ अमेरिका खंडांत आढळतात. त्यांपैकी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात माणिककंठी ही एकच जात नियमाने वीण घालते, सबब त्या मुलखातील गृहस्थास बाटलीवर तीनएक ग्रॅम वजनाच्या हिरव्या पाखराखेरीज दुसरे कोणी दिसले की ते अनपेक्षित वाटते. नैऋत्येकडील अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया या राज्यांत मात्र असे पाहुणे रोजचेच आहेत.

इतिहास : व्यापारी पात्रे 1950 च्या सुमारास विक्रीस आली.

जिव्हा व पानक्रिया : या विषयाचे मर्म जिभेच्या रचनेत आहे. गुंजनपक्ष्याची जीभ केशाकर्षणाने रस ओढते, ही कल्पना 1833 पासून रूढ होती. रिको-गेव्हारा आणि रुबेगा या संशोधकांनी 2011 मध्ये अतिशीघ्र छायाचित्रणाच्या साह्याने असे दाखविले की, जिभेचे दुभंगलेले टोक रसात शिरताच उलगडते, त्याच्या कडांची झालर पसरते आणि जीभ मागे घेताना ती आपोआप मिटून थेंब आत कोंडते. सुताराची जीभ निराळ्या कामाची. तिला आधार देणारी अस्थी व स्नायू कवटीस मागून वळसा घालून पुढे येतात, त्यामुळे ती चोचीबाहेर दूरवर जाते आणि बाटलीच्या छिद्रातून सहज आत पोहोचते. केप मे वॉर्बलर या चिमुकल्या पक्ष्याची जीभ तर अर्धवट नळीसारखी वळलेली असते, आणि वॉर्बलरांच्या कुळात ही रचना त्याच्यापुरतीच आहे. उन्हाळ्यात कॅनडाच्या स्प्रूस-अरण्यांतील किडींवर जगणारा हा पक्षी हिवाळ्यात वेस्ट इंडीज बेटांवर मकरंदाकडे वळतो. पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन याने 1811 मध्ये न्यू जर्सीतील केप मे येथे मिळालेल्या नमुन्यावरून त्याचे नामकरण केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो त्या ठिकाणी आढळला नाही.

प्रमुख जाती : सोनोरा वाळवंटातील गिला सुतार सुमारे 65 ग्रॅम वजनाचा, म्हणजे माणिककंठीच्या वीसपट. तो बाटलीच्या कडेस पंजे रोवतो, ताठ शेपटीचा टेकू बाटलीस देतो आणि चोच छिद्रात घालतो. त्याच्या भाराने बाटली एका अंगास कलते व निम्मे पाणी खाली ठिबकते, तोवर पलीकडच्या फांदीवर गुंजनपक्षी घिरट्या घालीत राहतो. सग्वारो निवडुंगाच्या फुलांवर जाणारा हा पक्षी बाटलीवर आला तर त्यात त्याने काही अपूर्व केले, असे म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात ताडांच्या पंख्यासारख्या पानांखाली घरटे शिवणारा हूडेड ओरिओल, ताडांची लागवड शहरोशहरी झाल्याने, परसांत नेहमी दिसतो. आपला हळद्या इंग्रजीत त्याच नावाने ओळखला जात असला तरी दोघांची कुळे भिन्न आहेत. मूळचा पश्चिमेकडील हाउस फिंच 1940 मध्ये न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंड येथे सोडला गेल्यानंतर पूर्वेकडेही पसरला. कॅरिबियन बेटांवरील बनानाक्विट साखरपाण्याप्रमाणे सुटी साखरही खातो.

शर्करापचन : दर्शनी गोडी सर्वांस सारखी मानवत नाही. अमेरिकन रॉबिन व स्टार्लिंग यांच्या आतड्यात उसाची साखर फोडणारे विकर नसते, त्यामुळे हे पक्षी द्राक्षशर्करा व फलशर्करा असलेली फळे पसंत करतात. याचा अनुबंध भारतीय वृक्षांपर्यंत पोहोचतो : पांगाऱ्याच्या प्रजातीतील ज्या अमेरिकन जातींचे परागण गुंजनपक्षी करतात त्यांच्या मकरंदात इक्षुशर्करा अधिक असते, तर ज्यांचे परागण इतर पक्षी करतात त्यांच्यात द्राक्ष व फल या शर्करा अधिक. महाराष्ट्रात पळस, पांगारा व सावर फुलली की साळुंकी, बुलबुल, कोतवाल, कावळे यांची त्यांवर झुंबड उडते, आणि सलीम अली यांनी 1932 मध्ये भारतातील फुले व पक्षी यांच्या परस्परसंबंधांवर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. आपल्याकडे शिंजिरास गुंजनपक्षी म्हणण्याची चूक सर्रास होते. गुंजनपक्षी भारतात नाही.

बाटलीवर येणाऱ्या या आगंतुकांना काही लेखक ‘रसचोर’ म्हणतात. हा शब्द टाकून द्यावा, असे या नोंदकर्त्याचे मत आहे. मकरंद पिणे हा एकाच कुळाचा मक्ता कधीच नव्हता. बाटल्यांमुळे पक्ष्यांच्या आहारात व स्थलांतरात नेमका किती पालट होतो, याविषयी एकमत नाही.

निगा : एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी. मध, गूळ, लाल रंग वर्ज्य. उन्हाळ्यात द्रव एक-दोन दिवसांत आंबतो, म्हणून तो बदलून बाटली धुवावी. अनेक जातींच्या चोची एकाच छिद्रात शिरतात तेथे ही दक्षता दुप्पट घ्यावी.

वटवाघळे : दक्षिण अ‍ॅरिझोनात काही बाटल्या रात्रीतून रिकाम्या होतात, त्या लांबनाकी मकरंदभक्षी वटवाघळांमुळे, त्यांपैकी एक जात 2018 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आली.