परक्याच्या नावावरील पत : कर्जरोख्यापासून क्रेडिट कार्डापर्यंत
(विशेष संदर्भ : वडूज व सातारा जिल्हा)

प्रस्तावना :
दुसऱ्याच्या क्रेडिट कार्डाचा परस्पर वापर हा संगणकयुगातील गुन्हा मानला जातो. तथापि एकाच्या नावावर दुसऱ्याने उचल करावी आणि फेड मात्र पहिल्याच्या माथी बसावी, हे कृत्य सातारा जिल्ह्याच्या इतिहासाला अपरिचित नाही. येरळाकाठचे वडूज हे खटाव या अवर्षणप्रवण तालुक्याचे मुख्यालय. पावसाने दगा दिला की सावकाराची पायरी चढणे येथील कुणब्याला चुकत नसे. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यानेच ते घेतले, हे सिद्ध कोणी करावयाचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

नांगराची निशाणी :
निरक्षर शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. रोखा लिहिणारा कारकून नाव घाली, शेजारी नांगर काढी. पुष्कळदा तो नांगरही कारकुनाच्याच बोरूने उमटे. अशी निशाणी खरी की खोटी, हे न्यायालयाने कशावरून ठरवावे? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर दावा बुडू नये म्हणून रोखे वरचेवर नवे करून घेतले जाऊ लागले आणि कागदांचा गुंता वाढला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा उसळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आजच्या सांगली जिल्ह्यातील, कुकरूड येथेही सावकाराचे कागद जाळण्यात आले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, ही बाब लक्षणीय आहे.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील ग्रामनिबंधकाची तरतूद येथे महत्त्वाची आहे. शेतकऱ्याने करून द्यावयाचा रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, त्याने पक्षकारांची ओळख पटवावी, मजकूर वाचून दाखवावा, आणि त्याच्यासमोर न झालेला रोखा पुराव्यात घेऊ नये, असे बंधन आले. फसवणूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा ती होण्यापूर्वीच माणूस ओळखावा, ही त्यामागील दृष्टी होती. सावकारांना ती जाचक वाटली, हे ओघानेच आले.

कार्ड आणि दंडविधान :
क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात असा ग्रामनिबंधक नाही. यंत्र क्रमांक ओळखते, माणूस नव्हे. २००२ मध्ये नोएडा येथील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्याने अमेरिकन महिलेच्या कार्डाचा तपशील वापरून रंगीत दूरचित्रवाणी संच मागविला. दिल्लीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, ते मात्र १८६० च्या भारतीय दंड संहितेतील फसवणुकीच्या कलमांखाली. पहिलाच गुन्हा व तरुण वय पाहून त्यास परिवीक्षेवर सोडण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा असला, तरी दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड वा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरण्यास स्वतंत्र शिक्षा सांगणारे कलम ६६क त्यात २००८ च्या दुरुस्तीने आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. त्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीस दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तो पाच वर्षांपर्यंत नेला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात बनावट कार्डांद्वारे अनेक देशांतून रकमा काढल्या गेल्या. एकूण अपहार सुमारे ९४ कोटींचा होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

मात्र शिक्षा झाली म्हणून गेलेली रक्कम परत येतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. बँक वा ग्राहक कोणाचीही चूक नसताना तिऱ्हाइताने रक्कम लांबविली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य ठरविले. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांनाही असे निर्देश मिळाले. परंतु ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. ग्रामीण भागात कार्ड वडिलांचे आणि क्रमांक पाठ पुतण्याला, हा प्रकार विरळा नाही. अशा पुतण्याने परस्पर रक्कम उचलली तर फिर्याद करता येते. पण कळविण्यापूर्वी गेलेल्या रकमेसाठी १८७९ च्या ग्रामनिबंधकासारखी आधीची साक्ष त्या वडिलांकडे नसते, आणि घरातल्याच मुलावर फिर्याद करण्यास ते क्वचितच धजतात.