ट्यूब अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूब बदलताना बायस कसा सेट करायचा? आणि गावाकडच्या व्होल्टेजचं काय?

फोनवरच्या गिटार अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा ‘बायस’ नावाचं बटण असतं. ते फिरवलं की आवाज थोडा जाड किंवा कोरडा होतो, बस्स. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये मात्र बायस चुकला तर महागड्या ट्यूब जळतात, कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो.

बायस म्हणजे काय?

ट्यूबमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन वाहतात. मधली ग्रिड म्हणजे नळाची तोटी. ग्रिडवर ऋण व्होल्टेज जितकं जास्त, तितका प्रवाह कमी. गिटार वाजत नसतानाही थोडा प्रवाह चालू ठेवावा लागतो. तो किती, हे ठरवणारं व्होल्टेज म्हणजे बायस. प्रवाह फार कमी असेल तर हळू वाजवताना आवाज खरखरतो. फार जास्त असेल तर प्लेट लालबुंद होते.

एकाच नंबरच्या दोन ट्यूबही अगदी सारख्या नसतात. म्हणून मॅच केलेली जोडी घ्यायची आणि ती बसवल्यावर बायस पुन्हा तपासायचा. मार्शल जेसीएम८०० सारख्या फिक्स्ड बायस अ‍ॅम्पला हे लागू आहे. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायस अ‍ॅम्पमध्ये प्रवाह बऱ्यापैकी आपोआप सांभाळला जातो. १२एएक्स७ सारख्या छोट्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबला बायस लावायची गरज नसते.

आधी जीव, मग आवाज

आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरवर खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. हाय व्होल्टेजवर कधी काम केलं नसेल तर हे वाचून समजून घ्या आणि काम जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या जाणकार मेकॅनिककडून करून घ्या.

पायऱ्या (ईएल३४ धरून)

१. स्पीकर जोडलेलाच ठेवा. लोड नसताना ट्यूब अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.
२. ट्यूब न लावता अ‍ॅम्प सुरू करून पिन ५ वर ऋण व्होल्टेज येतंय का ते बघा. येत नसेल तर नवी ट्यूब लावूच नका.
३. बायसचा प्रीसेट सगळ्यात जास्त ऋण बाजूला ठेवा. अ‍ॅम्प बंद करा, चार्ज उतरवा, ट्यूब बसवा.
४. परत सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. प्लेट व्होल्टेज मोजा, तेही एक हात खिशात ठेवून.
५. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मिलीअँपिअर. नसेल तर बायस प्रोब वापरा.

आता हिशेब. ईएल३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट सोसते. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये शांत असताना साधारण ७० टक्के, म्हणजे १७.५ वॅट, ही प्रचलित मर्यादा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ ÷ ४५० = सुमारे ३९ मिलीअँपिअर. ही मर्यादा आहे, टार्गेट नव्हे. ३५ वर आवाज चांगला वाटला तर तिथेच थांबा.

आंजीत हिशेब का बदलतो?

हा सगळा हिशेब घरात व्होल्टेज स्थिर आहे असं धरतो. आंजीला (मोठी) आमच्या घरी संध्याकाळी मीटरवर २०० दिसतात आणि मध्यरात्रीनंतर २५०. व्होल्टेज वाढलं की ट्यूबचा प्रवाह साधारण दीड घाताने वाढतो, म्हणून वॅट अडीच घाताने वाढतात. (ऋण बायसही त्याच प्रमाणात वाढतो, हे यात धरलंय.)

समजा संध्याकाळी २०० व्होल्टवर बायस १७.५ वॅटला लावला. रात्री २५० झाले की (२५० ÷ २००) चा अडीच घात म्हणजे सुमारे १.७५ पट. तीच ट्यूब आता जवळपास ३० वॅट सोसतेय! मर्यादा २५ ची. बाकी कुठलाही पार्ट खराब नसताना प्लेट लाल होणार. शिवाय ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. २०० वर ते ५.५ च्या आसपास उतरतात, म्हणजे संध्याकाळचं रीडिंग तसंही विश्वासाचं नाही.

उपाय दोन. चांगला स्टॅबिलायझर लावा आणि त्याच्या आउटपुटवरच बायस सेट करा. नाहीतर आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज फोनमध्ये नोंदवा आणि घरात जे सर्वात जास्त येतं, त्या वेळी बायस लावा. मग संध्याकाळी आवाज थोडा कोरडा वाटेल, पण ट्यूब टिकतील.

शेवटची तपासणी: खोलीतला दिवा बंद करून ट्यूब बघा. मधला हीटर नारिंगी दिसणं नॉर्मल आहे. बाहेरची राखाडी प्लेट लाल दिसली तर अ‍ॅम्प लगेच बंद करा.