नालबंदी आणि अनवाणी घोडा

मराठ्यांच्या जुन्या दप्तरांत ‘नालबंदी’ हा शब्द वारंवार भेटतो. प्रथमदर्शनीं वाटतें कीं, हा लोहाराचा हिशेब असावा. वस्तुतः मोहिमेवर निघण्यापूर्वीं शिलेदारास जी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याच्या पदरचा. म्हणून त्याच्या हातीं तयारीपुरता पैसा ठेवावा लागे. त्या पैशांत इतरही तयारी होई. नांव मात्र नालावरून पडलें. दसऱ्यास शिलंगण करून निघावें व पावसाळ्यापूर्वीं छावणीस परतावें, हा त्या काळचा क्रम. माझें अनुमान असें कीं, ज्यांनीं मोहिमेच्या खर्चास हें नांव दिलें, त्यांच्या लेखीं नाल हा मोहिमेचा सरंजाम होता. घोड्याच्या देहाचा भाग नव्हता.

पाश्चात्य देशांत आज घोड्यांचे नाल काढून त्यांस अनवाणी वागविण्याची जी चळवळ चालली आहे, तिची नवलाई मला म्हणूनच फारशी वाटत नाहीं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक सेनानीनें घोड्यास गोट्यांच्या जमिनीवर उभें करून त्याचे खूर कणखर करावे, असें लिहून ठेवलें आहे. आपल्या दख्खनला असे गोटे मुद्दाम पसरावे लागत नाहींत! मलिक अंबरानें १६१० सालीं जें शहर वसविलें, जें पुढें औरंगाबाद झालें व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलें जातें, त्याच्या जागीं असलेल्या गांवाचें नांवच मुळीं खडकी. भीमेकांठचीं भीमथडी तट्टें अशाच कोरड्या, खडकाळ मुलखांत वाढत. अंबराचा गनिमी कावा अशा हलक्या घोडदळावरच उभा होता.

अकबराच्या आईन-इ-अकबरींत शाही घोड्यांस वर्षांतून दोनदा नाल मारण्याची तरतूद असून, चार नालांस पूर्वीं आठ व नंतर दहा दाम दिले जात, अशी नोंद आहे. हे आंकडे किरकोळ वाटतात, पण बोलके आहेत. खूर महिन्यास सुमारें पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. नाल असतां तो झिजत नाहीं. म्हणून आजचे नालबंद सहा-आठ आठवड्यांनीं नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकतात. सहा महिने एकच नाल राहिला, तर खूर चार-पांच सेंटिमीटर वाढून घोडा अडखळूं लागेल. तेव्हां एक तर तेच नाल मधून मधून काढून पुन्हा बसवीत असले पाहिजेत, किंवा वर्षाचा कांहीं काळ घोडे बिननालाचेच राहत असले पाहिजेत. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय दिसतो.

बारमाही नाल रुळला तो फरसबंदी व खडीच्या रस्त्यांबरोबर. औरंगाबादच्या छावणींत हैदराबाद कंटिंजंटचें घोडदळ राही. तेंही शिलेदारी पद्धतीचेंच होतें, आणि ती पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडली. इंग्लंडांत मात्र त्याआधीं शंभर वर्षें ब्रेसी क्लार्क या पशुवैद्यानें एका घोडीच्या खुराचे ठसे वर्षानुवर्षें घेऊन, नालामुळें खूर कसा आकुंचित होत जातो, हें दाखविलें होतें. टाप भुईवर पडतांना खुराची टाच किंचित फांकते. खिळे त्या फांकण्यास अडवितात, हें त्याचें म्हणणें.

इतकें ऐकून कोणी उद्यांच सांडशी घेऊन तबेल्यांत शिरूं नये. नालाखालीं वाढलेला तळवा नाजूक असतो. खुराचा पुढचा भाग वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नव्यानें उतरण्यास जवळजवळ वर्ष लागतें. तोंवर घोडा डांबरी रस्त्यावर कुचमतो, खडीवर लंगडतो. आणि तळवा आधींच पातळ किंवा दुखरा असेल, तर नाल काढणें हें क्रौर्यच होय. आठवड्यागणिक चाल वाढवीत नेणें, खुराची कड गोल घासणें, तळाचा त्रिकोणी, रबरासारखा भाग कुजूं न देणें, हें सारें धीरानें करावें लागतें.

वरातीच्या घोडीवर ज्याचें पोट आहे, त्याला एवढी सवड कोठून मिळणार? तरी एक सोय आहे. लग्नसराई संपते, तोंच पावसाळा लागतो. काम थोडें असतें, भुई मऊ असते. नाल उतरविण्यास तोच काळ बरा. तबेल्याची जमीन तेवढी कोरडी ठेवली पाहिजे. चिखलांत भिजलेला खूर दसऱ्यापर्यंत टणक होत नाहीं.