रक्तातला विळा

आषाढी जवळ आली की पंढरीची वाट फुलते, आणि त्याच दिवसांत इकडे देवरीच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. झाडीपट्टीतल्या कितीतरी भाविकांची आषाढी चिखलातच होते. ओठांवर नाम आणि हातात पऱ्हे. दिवसभर गार पाण्यात वाकून उभी राहिलेली एखादी बाई संध्याकाळी हातपाय, पाठ, छाती दुखते म्हणून तळमळू लागते. हे दुखणे थकव्याचे नसते. कोणी हाडे आतून पिळावीत तसे ते असते, आणि घरचे तेल चोळून ते जात नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या सीमेवरचा हा जंगलाचा तालुका. या दुखण्याला लोकांनी वेगवेगळी नावे दिली. सांधे धरले तर वात, डोळे पिवळे झाले तर कावीळ, लेकरू सारखे आजारी पडून गेले तर बाहेरची बाधा, आणि काहीच जुळले नाही तर पूर्वसंचित. तेही बापाचे कमी, आईचे जास्त. दुसरे मूल गेले की सुनेच्या कुशीला बोल लागे. प्रारब्ध हा शब्द संतांनी स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी वापरला. आपण तो शेजाऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी वापरला, असे मला वाटते.

आज या आजाराला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा. पण या नावापर्यंत वैद्यकही सरळ पोचले नाही. ग्रेनडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला शिकागोत आलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या, आणि डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्यांचे वर्णन छापले. पुढची तीसेक वर्षे अमेरिकेतले बहुतेक डॉक्टर हा काळ्या लोकांच्या रक्ताचा आजार मानत राहिले. एखाद्या गोऱ्या रुग्णात तो सापडला, तर आजाराविषयीचे मत बदलण्याऐवजी त्या रुग्णाच्या वंशाविषयी शंका घेतली जाई! इकडे पूर्वसंचित, तिकडे वंश. शिकलेल्यांचा शिक्काही शिक्काच.

1949 साली दोन गोष्टी उलगडल्या. जेम्स नील यांनी दाखवले की आजार होण्यासाठी सदोष वारसा आई आणि बाप अशा दोघांकडून यावा लागतो. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की बिघाड रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. प्राणवायू सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तीच ती हाडे पिळणारी वेदना. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही वाकलेली दहावीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वात आणि कावीळ अशी दोन नावे मिळालेले दुखणे एकच होते.

मग 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत या पेशी सापडल्या, आणि 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. वंशाचा सिद्धांत पुरता कोसळला. विदर्भात हा दोष आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागास समाजांतही आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते वेगळेच. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या मुलांचा अभ्यास करून सांगितले, की ज्याला हा दोष फक्त एका पालकाकडून मिळाला, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे जंगलात, डासांत, हिवतापात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांमध्ये तो टिकला, कारण त्याने कितीतरी लेकरे वाचवली. ज्याला आपण शाप म्हणत होतो, त्याच्याच आधाराने या रानातली वस्ती हिवतापातून तगली. दोन वाहक एकत्र आले तिथे त्याची किंमत काही लेकरांनी मोजली, एवढेच.

ज्ञान वाढले म्हणजे मन वाढतेच असे नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत सिकलसेलच्या तपासण्यांची मोहीम निघाली. हेतू चांगला होता. पण धडधाकट वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला जाऊ लागला. तिथल्या हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेने तर 1981 पर्यंत त्यांना प्रवेश दिला नाही. वारकऱ्याला हे वाचून विटाळ आठवावा. सोयराबाईंनी त्या कल्पनेला आपल्या अभंगात थेट प्रश्न विचारला, तरी चोखोबांच्या लोकांना विठ्ठलाच्या पायांपर्यंत जायला 1947 साल उजाडले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अभंग तर आपण सारेच गात होतो.

म्हणून देवरीसारख्या भागात आज वाटते ती काळजी. 2023 मध्ये देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरले, गावोगावी कार्डे मिळू लागली. आता सोयरीक जुळवताना पत्रिकेशेजारी हे कार्डही ठेवावे लागेल, आणि ते वाचता आले पाहिजे. एक वाहक आणि एक निर्दोष, अशा जोडप्याच्या मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चार आणे शक्यता आजारी मुलाची, आठ आणे वाहकाची, चार आणे पूर्ण निर्दोष मुलाची. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढचे सुटले, असा हिशेब नाही. दोघे वाहक लग्न ठरवत असतील तर त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात सुरुवातीलाच गर्भाची तपासणीही होऊ शकते. पण वाहक मुलगी म्हणजे दोषी मुलगी, असे म्हणून पाट उलटा करणारा वरपिता कार्ड वाचत नाही, जुना विटाळच वाचतो. आणि मुलगी वाहक निघाली तर आधी आपल्या मुलाचे रक्त तपासले का, हे त्याला कोणी विचारत नाही. कीर्तनकारांनी विचारावे.

आजार झालेल्यांसाठीही दिवस बदलले आहेत. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. डॉक्टरांच्या देखरेखीत ते नियमाने घ्यावे लागते. अंगारा लावायचा तर लावा, गोळी चुकवू नका.

अशी माणसे वारीतही असतात, आणि दुखणे लपवतात. त्यांना तहान लागण्याआधी पाणी हवे, भिजल्यावर लगेच कोरडे कपडे हवेत, विसाव्याला खरा विसावा हवा. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, तर ‘चल, माउली नेईल’ म्हणून पुढे ढकलू नये, तडक दवाखान्यात न्यावे. दिंडीप्रमुखाने निघण्याआधीच बाजूला घेऊन हळूच विचारावे, कार्ड आहे का, गोळ्या पिशवीत टाकल्या का. विचारावे ते चारचौघांत नाही.