ढाळज

आमच्या टेंभुर्णीकडं जुन्या वाड्यात पाऊल टाकलं की लगेच चौक लागत नाही. आधी ढाळज लागते. मोठ्या दरवाज्यामागची छपराखालची वाट ती: मधून बैलगाडी आत जाईल एवढी रुंद, दोन्ही अंगांना ओटे, वर तुळयांवर मातीचं माळवद. पुण्याकडं देवडी म्हणतात. कोशात ढेलज, ढेळज अशीही रूपं सापडतात.

शब्द मूळचा फारसी, दहलीज. दार आणि घर यांच्या मधली वाट, हा त्याचा जुना अर्थ. अरबीत तो अजून त्याच अर्थानं चालतो. हिंदी-उर्दूत मात्र आक्रसून उंबरठ्यावर आला. मराठीत तसं झालं नाही. मला कारण साधं वाटतं. आपल्याकडं उंबरा होताच, त्यावर रोज हळदकुंकू पडत होतं; तिथं परका शब्द कोण घेणार? सोलापूर-परांड्याच्या टापूत बहमनी, निजामशाही, आदिलशाही नांदल्या, दप्तरातली फारसी बोलीत मुरली. पुढं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याचे कारभारी सदाशिव माणकेश्वर यांचं नाव आमच्या गावाशी जोडलं गेलं. तोवर ढाळज परकी उरली नव्हती.

ओट्यावर कोणी बसायचं, याचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. राखणदार तिथंच झोपायचा. वाटसरू, गोंधळी, वासुदेव तिथवर यायचे. भावकीचं भांडण, सोयरिकीची बोलणी, उसाच्या बेण्याचा भाव, सगळं ढाळजंत. आम्हा पोरींना मात्र, ‘ढाळजंत रेंगाळू नगंस,’ एवढंच आजीचं सांगणं. बापयांना ती बैठक, बायकांना नुसती वाट. तीही पदर सावरून, खाली मान घालून, भराभर ओलांडायची. वास्तूवर लिहिणारे बहुधा तिथल्या बैठकीचंच कौतुक करतात. ओट्यावर बसून लिहिलं की असंच दिसायचं.

अनेक वाड्यांत ही वाट सरळ चौकात उघडत नाही. आडभिंत असते किंवा वळण. पाहुणा ढाळजंत तासभर बसला तरी चूल त्याच्या नजरेला पडत नाही. म्हणजे बायकांना अडवणारी जागाच त्यांचा आडोसाही होती. आजीला यात काही विसंगत वाटलं नसतं.

पुढं उजनी धरण झालं, 1980 च्या सुमारास पाणी चढलं आणि भीमाकाठची गावं उठली. मावशीच्या गावातल्या लोकांनी तुळया, चौकटी, दारं गाड्यांत घालून नेली. नव्या वसाहतीत त्याच चौकटींवर घरं उभी राहिली, पण ढाळज कोणी बांधली नाही. मोजून मिळालेल्या प्लॉटात गाडीवाटेएवढी जागा कोण वाया घालवील?

चुलतभावानं अलीकडं बंगला बांधला. पुढं पोर्च आहे, मोटारीपुरता. मोटार बहुतेक बाहेरच असते. संध्याकाळी तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही जावा-नणंदा शेंगा फोडत बसतो, आणि बापये हायवेवरच्या हॉटेलात चहाला गेलेले असतात.