लाकूड की पोलाद? : किंग्ज आयलंड येथील रोलर कोस्टरांचा इतिहास

१

करमणुकीच्या उद्यानात नवा रोलर कोस्टर उभारावयाचा झाल्यास तो लाकडी असावा की पोलादी, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा व आवडीनिवडीचा वाटतो. अमेरिकेतील उद्यानचालकांपुढे तो १९५९ नंतर वारंवार उभा राहिला आहे. त्याच्या उत्तरादाखल सामान्यतः दोन पक्ष मांडले जातात. पोलाद बळकट, अचूक व टिकाऊ असून लाकूड हे जुन्या काळाचा अवशेष होय, असा एक पक्ष आहे. लाकडी मार्गावरील धावेत जो जिवंतपणा असतो तो पोलादात येत नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांचा भर पदार्थाच्या अंगभूत गुणांवर आहे. परंतु ओहायो राज्यातील किंग्ज आयलंड या उद्यानाचा इतिहास तपासला असता या दोहोंपैकी एकही पक्ष पुरा पडत नाही, असे दिसून येते. तेथील सर्वांत दीर्घायुषी कोस्टर लाकडी आहेत, आणि तेथील सर्वांत मोठे अपयशही लाकडाच्याच वाट्याला आले आहे. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करणे अगत्याचे आहे. या खेळाला फ्रेंच व स्पॅनिश भाषांत ‘रशियन डोंगर’ अशा अर्थाचे नाव आहे; खुद्द रशियन भाषेत मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. पहिले नाव अठराव्या शतकातील रशियात हिवाळ्यात उभारल्या जाणाऱ्या बर्फाच्या घसरगुंड्यांची आठवण जपते, तर दुसरे नाव ही करमणूक अमेरिकेत नव्या रूपास येऊन परतल्याची साक्ष देते. मराठीने इंग्रजी शब्दच स्वीकारला आहे.

‘लाकडी’ आणि ‘पोलादी’ ही विशेषणे याहून अधिक फसवी आहेत. ती सांगाड्याला लावलेली नसून मार्गाला लावलेली आहेत. लाकडी कोस्टरचा मार्ग म्हणजे फळ्यांचे एकावर एक बसविलेले, प्रायः सात-आठ, थर. त्यांवर पोलादाची चपटी पट्टी ठोकलेली असते व तिच्यावरून चाके धावतात. पोलादी कोस्टरचा मार्ग मुख्यतः पोकळ नळ्यांचा असतो. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथील १९२७ चा ‘सायक्लोन’ पोलादी सांगाड्यावर उभा आहे, तरी मार्ग लाकडाचा असल्यामुळे तो लाकडी ठरतो. उलटपक्षी सीडर पॉइंट येथील १९७८ चा ‘जेमिनी’ लाकडी सांगाड्यावर उभा असूनही पोलादी गणला जातो. दुरून पाहणाऱ्याची दोन्ही ठिकाणी फसगत होते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. कारण कोस्टरचे आयुष्य आणि त्याचा खर्च ही दोन्ही मुख्यतः मार्गावरच ठरतात.

३

अमेरिकेतील पूर्वेतिहास थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ साली कोळसा वाहण्यासाठी उतारावरचा लोहमार्ग घातला गेला. भरलेल्या गाड्या स्वतःच्या भाराने खाली जात व खेचरे रिकाम्या गाड्या वर ओढून नेत. पुढे याच मार्गावर हौशी प्रवासी बसू लागले. १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन याने कोनी आयलंड येथे ५ सेंट भाड्याची उताराची गाडी सुरू केली. जॉन मिलर याने १९१९ च्या सुमारास मार्गाच्या खालून धरणाऱ्या चाकांची योजना सिद्ध केली. त्यामुळे गाडी मार्गावरून उचलली जाण्याचे भय नाहीसे झाले आणि तीव्र उतार शक्य झाले. १९२० च्या दशकातील भरभराट या शोधावर आधारलेली होती. महामंदी व दुसरे महायुद्ध यांत ही भरभराट ओसरली आणि अनेक कोस्टर पाडले गेले.

१९५९ साली डिस्नेलँडमध्ये ‘मॅटरहॉर्न’ सुरू झाला. पोलादी नळ्यांच्या मार्गाचा हा पहिला महत्त्वाचा प्रयोग होय. नळी हवी तशी वाकविता येते. म्हणून मार्गाला पीळ देणे सुलभ झाले. १९७५ साली कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म येथे प्रवाशांना उलटे करणारा ‘कॉर्कस्क्रू’ आणि १९७६ साली मॅजिक माउंटन येथे उभ्या वळशाचा ‘रेव्होल्यूशन’ आला. कोनी आयलंड येथे १८९५ साली असा वळसा लाकडी मार्गाच्या काळात करून पाहिला गेला होता. परंतु तो पूर्ण वर्तुळाकार असल्यामुळे प्रवाशांच्या मानेवर अतोनात ताण पडे. ‘रेव्होल्यूशन’च्या वळशाची वक्रता क्रमाक्रमाने वाढत व घटत जाते, त्यामुळे हा दोष टळला.

४

किंग्ज आयलंड उद्यानाचा जन्म या दोन प्रवाहांच्या संधिकाली झाला. सिनसिनाटी शहराजवळचे कोनी आयलंड नावाचेच जुने उद्यान ओहायो नदीच्या पुरांनी वारंवार ग्रासले जाई. म्हणून शहराच्या ईशान्येस १९७२ साली नवे उद्यान उघडण्यात आले. त्यासाठी जॉन ॲलन याने ‘रेसर’ हा जोडमार्गाचा लाकडी कोस्टर आखला. त्याची उंची अवघी ८८ फूट; दोन गाड्या शेजारशेजारच्या मार्गांवरून स्पर्धा करीत धावतात. लाकडी कोस्टरांचे पुनरुज्जीवन ‘रेसर’पासून झाले, असे मत सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे.

यानंतरचा निर्णय अधिक उद्बोधक आहे. पोलादी वळशांची लाट ऐन भरात असताना उद्यानाने १९७९ साली पुन्हा लाकूडच निवडले आणि ‘बीस्ट’ उभारला. चार्ल्स डिन याच्या देखरेखीखाली हे काम उद्यानाच्या स्वतःच्या मंडळींनी केले. त्याची लांबी ७,३५९ फूट होती. लाकडी कोस्टरांत लांबीचा विक्रम त्याच्याकडेच राहिला आहे. त्याची उंची ११० फूट असली तरी सर्वांत मोठा उतार १४१ फुटांचा आहे. हे गणित वरकरणी अशक्य वाटते. पण मार्ग रानातील घळींमधून नेलेला असल्यामुळे उताराचा काही भाग जमिनीनेच पुरविला आहे. सांगाडा फार उंच न चढविता भूमीच्या चढउतारांचा लाभ घेणे, हे या आखणीचे मर्म होय.

१९८१ साली उद्यान पोलादाकडे वळले. ‘बॅट’ या कोस्टरचे डबे मार्गाखाली लोंबकळत असत. वळणांवर मार्गाला पुरेसा बाक दिलेला नव्हता. परिणामी झोके घेणाऱ्या डब्यांचा ताण यंत्रभागांवर पडून दुरुस्त्या कधी संपतच ना. १९८३ साली तो बंद करावा लागला. १९८४ चा ‘किंग कोब्रा’ हा उभ्याने बसण्याचा पोलादी कोस्टर २००१ पर्यंत चालला. ‘बॅट’च्या जागी १९८७ साली आलेला ‘व्होर्टेक्स’ २०१९ साली, ३२ वर्षांनी, मोडीत निघाला. पोलाद टिकाऊ हे गृहीतक येथेच डळमळते. त्याच उद्यानातील १९७२ चा लाकडी ‘रेसर’ या तिघांच्याही आधीचा असून तिघांनंतरही चालू राहिला.

२००० साली उद्यानाने लाकडाकडून पोलादाचे काम करवून घेण्याचा प्रयत्न केला. ‘सन ऑफ बीस्ट’ हा २१८ फूट उंच होता. दोनशे फुटांची मर्यादा ओलांडणारा हा पहिलाच लाकडी कोस्टर होय. त्यात भर म्हणून एक उभा वळसाही होता. त्या वळशाचा सांगाडा मात्र पोलादाचाच करावा लागला. नाव पित्याचे घेतले, पण पित्याची रीत सोडली: घळींचा आधार न घेता सारी उंची तुळयांवर तोलली. २००६ च्या जुलैत सांगाड्याचा एक भाग तडकून मार्गाला खळगा पडला आणि २७ प्रवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. वळसा काढून व हलके डबे लावून २००७ साली तो पुन्हा सुरू झाला. २००९ साली तो कायमचा थांबला आणि २०१२ साली पाडण्यात आला. २०१४ साली त्याच जागेवर ‘बॅन्शी’ हा पोलादी कोस्टर आला.

डिनच्या पुढील कारकिर्दीतूनही हाच धडा मिळतो. त्याच्या कंपनीने बांधलेला १९९० चा ‘टेक्सस जायंट’ आणि १६१ फूट उंचीचा १९९१ चा ‘मीन स्ट्रीक’ हे दोन्ही अजस्र लाकडी कोस्टर कालांतराने लाकडी राहिले नाहीत. जुना सांगाडा बहुतांशी ठेवून त्यांवर अनुक्रमे २०११ व २०१८ साली पोलादी मार्ग बसविण्यात आला. लहान उंचीचा व भूमीला धरून चाललेला ‘बीस्ट’ मात्र लाकडीच राहिला.

५

‘बॅट’ व ‘सन ऑफ बीस्ट’ यांचे पदार्थ भिन्न असले तरी दोष एकच आहे: नवलाईच्या वा विक्रमाच्या ओढीने आखणी पदार्थाच्या शक्तीपुढे गेली. या दोहोंच्या अपयशाचे खापर लाकडावर वा पोलादावर फोडणे युक्त नव्हे.

दीर्घायुष्याचे कारण निगेत शोधले पाहिजे. पोलादी कोस्टरचा खर्च आरंभी अधिक असतो. अचूकता कारखान्यातच सिद्ध होते आणि नंतरची देखभाल तुलनेने कमी लागते. पण धातूला थकवा आला किंवा आखणीतच चूक असली, तर थोडक्यात भागत नाही. लाकडी कोस्टर तुलनेने स्वस्तात उभा राहतो. परंतु ऊन, पाऊस व चाकांचे आघात यांनी तो सतत हलतो, आणि सुतारांना रोज मार्गावरून चालत जाऊन खिळे, सांधे व फळ्या तपासाव्या लागतात. ही त्याची उणीव खरी. परंतु तेच त्याच्या चिरंजीवित्वाचे साधनही आहे. त्याचे थर तुकड्यातुकड्याने बदलता येतात. २०२२ च्या हंगामापूर्वी ‘बीस्ट’च्या मार्गाचा मोठा भाग नव्याने बांधून पहिला उतार अधिक तीव्र करण्यात आला, तो या गुणामुळेच.

उद्यानाने पुढे दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या. २०१७ साली १०९ फूट उंचीचा लाकडी ‘मिस्टिक टिंबर्स’ आला व २०२० साली ३०० फूट उताराचा पोलादी ‘ओरायन’. गगनचुंबी उतार पोलादाकडे आणि रानातील नागमोडी धाव लाकडाकडे, अशी ही कामाची वाटणी आहे. ‘सन ऑफ बीस्ट’नंतर ती पाळली गेली आहे. तेव्हा नवा कोस्टर कशाचा असावा, हे ठरविणाऱ्या चालकाने जमीन कशी आहे, उंची किती हवी आणि पन्नास वर्षे रोज मार्गावरून चालणारे सुतार आपण पदरी बाळगणार आहोत काय, हे आधी पाहावे. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर लाकडाच्या वाटेस न जाणेच श्रेयस्कर.