बर्ट जॅन्शची पहिली तबकडी

इंग्लंड-स्कॉटलंडांतील जुनें लोकगीत बहुधा साथीवांचूनचें. शेतकऱ्यांनीं, खलाशांनीं, विणकऱ्यांनीं तें नुसत्या गळ्यानें गाइलें, आणि त्याचें सारें बळ कथेंत व चालींत राहिलें. गिटार हें त्याचें वाद्यच नव्हे. उलट अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज' गाण्यांत गिटार ही जणूं दुसरी गाणारीच. गळा एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते. या दोन परंपरांचा संगम १९६५ च्या एप्रिलमध्यें लंडनला निघालेल्या एका तबकडींत ऐकूं येतो.

तबकडीचा कर्ता बर्ट जॅन्श हा १९४३ सालीं ग्लासगोंत जन्मला व एडिंबरोंत वाढला. शाळा सुटल्यावर कांहीं काळ त्यानें रोपवाटिकेंत माळीकाम केलें; परंतु त्याचें मन रमलें तें 'हाउफ' नांवाच्या तेथील लोकसंगीत-मंडळांत. गिटारीचे धडे त्याला तेथें मिळाले ते डेव्ही ग्रॅहॅम या विलक्षण वादकाच्या सावत्र बहिणीकडून. ब्लूज मात्र आले बिग बिल ब्रून्झीच्या तबकड्यांतून. ब्रून्झीचा अंगठा खर्जाच्या तारांवर घड्याळासारखा ठोका देत राही आणि त्याच हाताचीं बोटें वरच्या तारांवर चाल वाजवीत. एकाच माणसानें पखवाज आणि सारंगी दोन्ही सांभाळावीं, तसा हा प्रकार. जॅन्शनें तंत्र घेतलें, पण ठोक्याची शिस्त पाळली नाहीं. त्याचा अंगठा मध्येंच थांबतो, मध्येंच पुढें धांवतो. बोटानें तार खेंचून सोडली कीं ती कर्कश वाजते. नाजुकपणा हवा असणाऱ्यांनीं हें वादन ऐकूं नये.

ध्वनिमुद्रण कोणत्याहि मोठ्या कंपनीच्या दालनांत झालें नाहीं. बिल लीडर यांनीं कॅम्डेन भागांतील आपल्या राहत्या जागींच, फितीच्या यंत्रावर, तें टिपलें. जॅन्शजवळ त्या वेळीं स्वतःची गिटारहि नव्हती. उसन्यावर काम भागलें. ट्रान्स्अटलांटिक कंपनीनें सारें ध्वनिमुद्रण १०० पौंडांना एकरकमी विकत घेतलें.

तबकडींत १५ रचना आहेत, आणि नवल असें कीं, त्यांत पारंपरिक लोकगीत एकहि नाहीं. जवळजवळ साऱ्या जॅन्शच्याच. शेवटची 'अँजी' ग्रॅहॅमची. म्हणजे ब्रिटिश लोकसंगीत येथें आहे तें गीतांच्या निवडींत नव्हे, तर चालींच्या वळणांत आणि सांगण्याच्या संथपणांत. जुन्या गीतांचा संग्रह म्हणजेच लोकसंगीत असें मानणाऱ्याला ही तबकडी परकी वाटावी. 'स्मोकी रिव्हर'मध्यें तर जिमी जुफ्रीच्या जाझचाहि अंश आहे.

या सर्वांत मनांत घर करणारें गीत 'नीडल ऑफ डेथ'. हेरॉइनच्या सुईनें एक मित्र गेला, त्यावर तें रचलेलें आहे. त्यांत आक्रोश नाहीं, उपदेशहि नाहीं. जुन्या कथागीतांत मृत्यूची वार्ता जशी शांत स्वरांत सांगितली जाते तशीच ती येथें सांगितली जाते, आणि खालीं गिटार चालूं राहते. कॅनडाच्या नील यंगनें आपल्या १९७४ सालच्या 'ॲम्ब्युलन्स ब्लूज'ची चाल यावरून नकळत घेतल्याचें पुढें कबूल केलें. २०१४ मध्यें त्यानें मूळ गीतच स्वतः गाऊन मुद्रित केलें. जॅन्श तें ऐकावयास नव्हता. २०११ मध्यें त्याचें निधन झालें होतें.

पारंपरिक गीतांकडे जॅन्श वळला तो १९६६ च्या 'जॅक ओरायन' तबकडींत. ॲन ब्रिग्स या गायिकेकडून शिकलेलें 'ब्लॅकवॉटरसाइड' त्यानें तींत गाइलें. पिढ्यान् पिढ्या नुसत्या गळ्यावर चालत आलेल्या गीताला त्यानें साथ दिली ती तीच : अंगठ्याचा अडखळता ठोका आणि वर फिरणारीं बोटें.